दिवाण, वकील आणि रयत

जकार्ताच्या विमानतळावर उतरणाऱ्या मराठी माणसाला पहिला धक्का बसतो तो पाट्यांचा. लिपी रोमन, त्यामुळे अक्षरे सगळी ओळखीची. पण शब्द वाचता वाचता दमछाक होते. 'केदातांगान', 'केबेरांगकातान', 'पेंगाम्बिलान बागासी', 'दिलारांग मेरोकोक'. माझ्या खिशात एक छोटा इंडोनेशियन शब्दकोश होता. बॅगा यायला वेळ होता म्हणून मोठ्या हौसेने तो उघडला आणि 'के'ची पाने चाळून 'केदातांगान' शोधू लागलो. शब्द सापडेना. मग 'दि'ची पाने काढून 'दिलारांग' शोधला, तोही नाही. कोश जुना आहे, की दुकानदाराने फसवले, असा विचार करत असताना शेजारी उभ्या असलेल्या एका प्रौढ गृहस्थांनी हसून कोश माझ्या हातातून घेतला, 'दा'ची पाने उघडली आणि 'दातांग' या शब्दावर बोट ठेवले. दातांग म्हणजे येणे. त्याच शब्दाच्या पोटात, बारीक टाइपात, 'केदातांगान' दडला होता: आगमन.

आधी 'के', शेवटी 'आन' आणि मध्ये 'दातांग'. म्हणजे शब्द शोधायचा तर आधी त्याचे डोके आणि शेपूट काढून ठेवायचे आणि उरलेले धड कोशात पाहायचे. 'केबेरांगकातान' ही पाटी तर दुहेरी वेष्टनाची. बाहेरचे 'के' आणि 'आन' सोडवले की आत 'बेरांगकात' निघतो, म्हणजे प्रयाणाला निघणे; त्याचे 'बेर' काढले की 'आंगकात', म्हणजे उचलणे. आपणही 'मुक्काम उचलला' म्हणतोच की! 'दिलारांग मेरोकोक' यातला 'लारांग' म्हणजे मनाई करणे आणि 'रोकोक' म्हणजे सिगारेट. तेव्हा धूम्रपानास मनाई आहे. (यातला 'ए' बहुतेक ठिकाणी अगदी पुसट, जवळजवळ आपल्या 'अ'सारखा उच्चारायचा. लिहिताना मात्र एकार देण्यावाचून गत्यंतर नाही.)

सांगायचा मुद्दा असा की या भाषेत शब्द पाठ करून भागत नाही. इंडोनेशियन भाषेला विभक्ती नाही, लिंग नाही, क्रियापदाला काळ नाही. 'तो गेला', 'ती गेली', 'ते जातील' या सगळ्यांना क्रियापदाचे एकच रूप चालते. काळ दाखवायला 'काल', 'उद्या' असा एखादा शब्द शेजारी ठेवला की झाले. हे ऐकून नवशिक्या खूश होतो. आणि मग त्याला उपसर्ग-प्रत्यय भेटतात. व्याकरणाने एका हाताने दिलेली सगळी सूट इथे दुसऱ्या हाताने वसूल केलेली असते.

'दुदुक' या साध्या शब्दाचेच पाहा. दुदुक म्हणजे बसणे. 'पेंदुदुक' म्हणजे बसणारा, पण खुर्चीवर बसणारा नव्हे. एखाद्या जागी ठाण मांडून बसलेला, म्हणजे रहिवासी. खानेसुमारीत मोजतात ते पेंदुदुक. 'केदुदुकान' म्हणजे माणसाचे समाजातले स्थान, त्याची बैठक म्हणा ना. 'मेंदुदुकी' म्हणजे एखादी जागा बळकावून बसणे. आणि 'पेंदुदुकान' म्हणजे परक्या सैन्याने देश ताब्यात घेणे. १९४२ ते १९४५ या जपानी अमलाला इंडोनेशियन इतिहासाच्या पुस्तकांत हाच शब्द आहे. पेंदुदुक आणि पेंदुदुकान यांत फरक काय, तर शेवटचा 'आन'. एवढ्याशा फरकात देशाचा रहिवासी आणि देशावर बसलेला परका एकमेकांसमोर उभे राहतात.

यातला सर्वांत जास्त भेटणारा उपसर्ग 'मे'. नामाचे किंवा मूळ शब्दाचे कर्तरी क्रियापद करायचे काम त्याचे. पण हा उपसर्ग एकटा येत नाही. पुढच्या अक्षराप्रमाणे एक अनुनासिक सोबत घेऊन येतो, आणि इथे युरोपियन विद्यार्थ्यांना तक्ते पाठ करावे लागतात. मराठी वाचकाला त्याची गरज नाही. आपली वर्णमाला आठवा. प्रत्येक वर्गाच्या शेवटी त्या वर्गाचे स्वतःचे अनुनासिक बसलेले आहे: कवर्गाला ङ, चवर्गाला ञ, तवर्गाला न, पवर्गाला म. 'गंगा' आणि 'चंपा' यांवरचे टिंब सारखेच, पण उच्चारून पाहिले तर गंगेत ङ आहे आणि चंप्यात म. इंडोनेशियन 'मे' नेमके हेच करतो. 'बाचा' म्हणजे वाचणे (हा आपल्या 'वाचा'चाच वंशज), त्याचे होते 'मेंबाचा', म सह. 'देंगार' म्हणजे ऐकणे, त्याचे 'मेंदेंगार', न सह. 'गुंतिंग' म्हणजे कात्री; कात्रीने कापणे ते 'मेंगुंतिंग', ङ सह.

पुढे गंमत आहे. मूळ शब्द प, त, क किंवा स या अक्षराने सुरू होत असेल, तर ते अक्षर अनुनासिकात विरघळून नाहीसे होते. 'पुकुल' म्हणजे मारणे, त्याचे 'मेमुकुल'. 'तुलिस' म्हणजे लिहिणे, त्याचे 'मेनुलिस'. 'किरिम' म्हणजे पाठवणे, त्याचे 'मेङिरिम'. 'सापू' म्हणजे झाडू. झाडणे ते 'मेञापू'. शाळेत असताना 'वाङ्मय' हा एक शब्द सोडला तर ज्याचे कधी काम पडले नाही तो बिचारा ङ, आणि ज्याला मराठीत कोणी विचारतच नाही तो ञ, या दोघांना इथे दिवसभर उसंत नाही. आणि कोशात 'मेञापू' शोधणाऱ्याला तो 'स'खाली बघायचा आहे हे कळायला काही आठवडे जावे लागतात.

तेथील शाळकरी मुलांचा एक आवडता शब्द आहे, 'बेरुआंग'. एका अर्थाने तो अखंड शब्द आहे आणि त्याचा अर्थ अस्वल. 'बेर' हा उपसर्ग म्हणजे 'जवळ असणे'. 'उआंग' म्हणजे पैसा. तेव्हा बेर-उआंग म्हणजे पैसेवाला. आणि 'रुआंग' म्हणजे खोली. 'बेर'ला र पुढे आला की त्याचा स्वतःचा र गळतो, म्हणून बे-रुआंग म्हणजे खोल्या असलेला. तेव्हा खोल्यावाले पैसेवाले अस्वल म्हणायचे तर 'बेरुआंग बेरुआंग बेरुआंग'. व्याकरणाच्या तासाला हसू आणणारी भाषा सहसा वाईट नसते.

आता ही भाषा एका देशाची भाषा झाली कशी, ते पाहिले पाहिजे, कारण उपसर्ग-प्रत्ययांची खरी कसोटी तिथे लागली. सतरा हजारांवर बेटे आणि सातशेहून अधिक भाषा असा हा देश. त्यात सर्वांत मोठी भाषा जावानीज. तिला प्राचीन साहित्य, दरबार, संगीत, सगळे काही. व्यापाऱ्यांच्या, बंदरांच्या, बाजाराच्या तोंडी असलेली मलय ही फार थोड्यांची मातृभाषा. तरीही २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बाताव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तरुणांच्या परिषदेने शपथ घेतली ती एक मायभूमी, एक राष्ट्र आणि ऐक्याची भाषा म्हणून 'बाहासा इंदोनेसिया', म्हणजे हीच मलय, नव्या नावाने. त्याच परिषदेत काही वक्त्यांना डचमध्येच बोलावे लागले. इतकी ही 'ऐक्याची भाषा' शिकलेल्यांच्या जिभेला परकी होती. आणि जावानीज का नाही? तिच्यात समोरचा मोठा की लहान हे ठरवल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. वडीलधाऱ्यांसाठी शब्द वेगळे, बरोबरीच्यांसाठी वेगळे. शिवाय संख्येने मोठ्या असलेल्यांनीच आपली भाषा पुढे न रेटणे, यात त्या तरुणांचा मोठेपणा होता. आपल्याकडे भाषेवरून काय काय झाले हे आठवले की याचे मोल कळते.

त्या शपथेतल्या 'ऐक्या'साठी जो शब्द आहे, तो पाहा: 'पेरसातुआन'. 'सातू' म्हणजे एक. त्याला आधी 'पेर' आणि नंतर 'आन' लावून ऐक्य. बाजारात नारळ मोजताना जो 'सातू' तोंडात यायचा, तो दोन टेकू लावून राष्ट्राच्या शपथेत उभा केला. दुसरीकडून मोठा शब्द उसना आणावा लागला नाही.

१९४२ च्या मार्चमध्ये डच शरण गेले आणि जपान्यांनी डच भाषेवर बंदी घातली. जपानी भाषा एका रात्रीत कोणाला येणार? तेव्हा शाळा, कचेऱ्या, न्यायालये या सगळ्यांचा भार एकदम इंडोनेशियनवर येऊन पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात भाषा-समिती नेमली गेली. कादंबरीकार आणि व्याकरणकार सुतान ताकदिर आलीशाहबाना तिचे चिटणीस होते. वैद्यक, कायदा, शास्त्र यांच्यासाठी हजारो संज्ञा त्या तीन वर्षांत घडवल्या गेल्या. सत्ता परकी, काम मात्र स्वतःचे. जेत्यांच्या गरजेतून जितांची भाषा तयार होत होती.

आणि मग ऑगस्ट १९४५. १६ ची रात्र संपत आली आहे. जपानने शरणागती पत्करली आहे. जपानी नौदलातले अधिकारी माएदा यांच्या जकार्तातल्या घरात सुकार्नो, हत्ता आणि अहमद सुबार्जो स्वातंत्र्याच्या घोषणेचा मसुदा करत बसले आहेत. सुकार्नोंच्या हातचा तो कागद आज जपून ठेवलेला आहे. मजकूर जेमतेम दोन वाक्यांचा. त्यात खाडाखोड आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. सत्तेबद्दल लिहिताना आधी 'पेञेराहान' हा शब्द आला होता; 'सेराह' म्हणजे हवाली करणे, त्याचे नाम. तो खोडून 'पेमिंदाहान' लिहिले. 'पिंदाह' म्हणजे हलणे, जागा बदलणे. हवाली करण्यात देणारा वर असतो आणि घेणारा हात पसरून उभा असतो. स्थलांतरात तसे काही नाही. सत्ता इथून उठली, तिथे गेली. दुसरा खोडलेला शब्द 'दिउसाहाकान', म्हणजे 'प्रयत्न केला जाईल'. त्याच्या जागी आला 'दिसेलेंगाराकान': 'पार पाडले जाईल'. प्रयत्न नको, काम हवे. दोन्ही ठिकाणी उपसर्ग-प्रत्यय तेच ठेवून नुसते धड बदलले आहे. घाईत, पहाटेच्या सुमाराला, शब्दांचा इतका विचार करणाऱ्या माणसांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. (त्यातला 'उसाहा' हा आपला 'उत्साह'. आज तिकडे 'पेंगुसाहा' म्हणजे उद्योजक आणि 'पेरुसाहाआन' म्हणजे कंपनी. उत्साहाचे असे सोने झालेले आपल्याकडे पाहायला मिळत नाही.)

१७ ऑगस्टला सकाळी ती घोषणा वाचली गेली. तिच्या केंद्रस्थानी असलेला शब्द 'केमेरदेकाआन', स्वातंत्र्य. 'मेरदेका' म्हणजे स्वतंत्र, आणि हा शब्द संस्कृतातल्या 'महर्द्धिक' या शब्दापासून आलेला आहे: मोठी ऋद्धी असलेला. समृद्ध, प्रतिष्ठित, म्हणून कर-वेठीतून सुटलेला, म्हणून मुक्त, असा त्याचा प्रवास. सतराव्या शतकात बाताव्हियातल्या मुक्त झालेल्या गुलामांना डच लोक याच शब्दावरून 'मार्डाइकर' म्हणत, आणि त्यांच्यात भारताच्या किनाऱ्यांवरून नेलेल्यांचे वंशजही पुष्कळ होते. श्रीमंताचे विशेषण गुलामाच्या सुटकेला लागले, आणि मग दोन टोकांना 'के' आणि 'आन' लावून ते एका देशाचे झाले.

दुसऱ्या दिवशी, १८ ऑगस्टला, राज्यघटना स्वीकारली गेली. तिच्या प्रास्ताविकात पंचशीलाची पाच तत्त्वे आहेत, आणि त्या पाचही तत्त्वांचा पहिला शब्द याच कारखान्यातून आलेला आहे. 'केतुहानान': तुहान म्हणजे ईश्वर, हा घरचा मलय शब्द. 'केमानुसियाआन': यातला मनुष्य आपल्याला वेगळा सांगायला नको. 'पेरसातुआन' वर आलाच. 'केराक्यातान', म्हणजे लोकसत्ता. यातला 'राक्यात' ही आपली रयत. अरबीतून निघालेला एक शब्द, फारसीच्या वाटेने महाराष्ट्रात आला आणि समुद्राच्या वाटेने सुमात्रा-जावात गेला. शिवकाळातल्या कागदांत सापडणारी रयत तिथे जनता होऊन बसली. आणि पाचवे 'केआदिलान', न्याय. यातल्या 'आदिल'चा चुलता आपल्या अदालतीत बसतो. मलय, संस्कृत, अरबी, कुठलाही शब्द द्या, 'के' आणि 'आन' त्याला एकाच मुशीत ओततात. शब्दाची जात-गोत विचारत नाहीत.

तिथल्या संसदेचे नाव तर मराठी माणसाने एकदा ऐकावेच: 'देवान पेरवाकिलान राक्यात'. देवान म्हणजे दिवाण. वाकिल म्हणजे वकील; पण कोर्टातला नव्हे, आपल्या जुन्या दरबारी अर्थाने वकील, दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. (उपराष्ट्राध्यक्षालाही तिकडे 'वाकिल प्रेसिदेन' म्हणतात.) पेर-वाकिल-आन म्हणजे प्रतिनिधित्व. दिवाण, वकील आणि रयत! पेशव्यांच्या दफ्तरातले तीन शब्द घ्यावेत आणि लोकसभा उभी करावी असे झाले. त्या सभेत विधेयकांवर होते ती 'पेंबाहासान'. नवशिक्याला वाटते, यात 'बाहासा' आहे, तेव्हा भाषेशी काही संबंध असेल. संबंध नाही. डोके-शेपूट काढले की उरतो 'बाहास', म्हणजे हिंदी सिनेमातल्या वकिलांमुळे आपल्याला ठाऊक असलेली बहस. जबाबदारीला शब्द आहे 'तांगुंग जावाब': तांगुंग म्हणजे भार वाहणे, जावाब म्हणजे जबाब. आपण जबाब 'दार' करून धरतो, ते जबाब खांद्यावर घेतात. मंत्र्याने सभेपुढे हिशेब द्यायचा तो 'पेरतांगुंगजावाबान', आणि हिशेब देण्याची क्रिया 'मेंपेरतांगुंगजावाबकान'. हा शब्द एका दमात म्हणता आला की भाषा आली असे समजायला हरकत नाही.

पण राज्यघटनेत मिरवणारे हेच 'के-आन' घरी, रस्त्यावर भलत्याच कामाला येते, आणि माझ्या मते भाषेचा खरा जीव तिथे आहे. 'हुजान' म्हणजे पाऊस. 'केहुजानान' म्हणजे पावसात सापडणे, छत्री नसताना भिजणे. 'मालाम' म्हणजे रात्र. 'केमालामान' म्हणजे वाटेत रात्र होणे. 'सियांग' म्हणजे दुपार. 'केसियांगान' म्हणजे उठायला उशीर होणे, उन्हे अंगावर येणे. 'तिदूर' म्हणजे झोप. 'केतिदुरान' म्हणजे नको तिथे डोळा लागून जाणे. 'चोपेत' म्हणजे खिसेकापू; 'केचोपेतान' म्हणजे खिसा कापला जाणे. 'बांजिर' म्हणजे पूर. 'केबांजिरान' म्हणजे घरात पाणी शिरणे. मुंबईच्या लोकलच्या प्रवाशाने जुलै महिन्यापुरते एवढे सहा शब्द शिकले तरी त्याचे भागेल. माणसाने काही केलेले नाही, त्याच्यावर काहीतरी येऊन आदळले आहे, एवढे सगळे त्या दोन अवयवांत आले. 'बेसार' म्हणजे मोठा. 'केबेसारान' म्हणजे राजाची थोरवी. आणि थोरल्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगात ढगळ होतो, तोही केबेसारान.

याचा सख्खा भाऊ म्हणजे 'तेर'. 'बावा' म्हणजे नेणे. 'तेरबावा' म्हणजे चुकून नेले जाणे, जसे समारंभातून दुसऱ्याची छत्री आपल्याबरोबर घरी येते. आणि नकाराबरोबर आला की हाच 'तेर' असमर्थता सांगतो. 'आंगकात' उचलणे, 'तिदाक तेरांगकात' म्हणजे उचलवत नाही. 'बाचा' वाचणे, 'तिदाक तेरबाचा' म्हणजे वाचवत नाही, वाचता येण्यासारखे नाही. इंग्रजीत हे सांगायला दोन-तीन शब्द जोडावे लागतात. आपल्याकडे 'जाववत नाही', 'बघवत नाही', 'खाववत नाही' हे एका 'व'मध्ये होते. हा 'व' दादोबांच्या काळापासून व्याकरणाच्या पुस्तकांतून शक्य क्रियापदांच्या नावाने पडून आहे. त्याचा जोडीदार विषुववृत्तावर भेटेल असे वाटले नव्हते.

कर्त्याला असे बाजूला ठेवता येते याचा फायदा साध्या माणसाप्रमाणेच सत्ताधाऱ्यांनीही घेतला. 'दि' हा कर्मणीचा उपसर्ग. त्याने कोणी केले हे न सांगता काय झाले तेवढे सांगता येते. सुहार्तोंच्या बत्तीस वर्षांच्या राजवटीत वर्तमानपत्रांतून वारंवार येणारा शब्द 'दिआमानकान'. 'आमान' म्हणजे सुरक्षित. हिंदीतला 'अमन' तो हाच. दिआमानकान म्हणजे 'सुरक्षित केले गेले'. विद्यार्थी, लेखक, कामगार पुढारी सुरक्षित केले जात, म्हणजे पोलीस त्यांना उचलून नेत. शब्द आजही पोलिसांच्या बातम्यांत आहे. वस्तूंचे भाव वाढत नसत. 'पेञेसुआयान हार्गा' होई, किमतीचा 'मेळ घातला' जाई. (हार्गा म्हणजे संस्कृत 'अर्घ', ज्याच्या 'महार्घ' या रूपातून आपला 'महाग' आला.) 'बांगुन' म्हणजे जागे होणे, उठणे, त्यातून 'पेंबांगुनान', विकास. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च लोकसभेने सुहार्तोंना 'विकासाचे पिता' अशी पदवी दिली ती याच शब्दाने. १९९७-९८ च्या आर्थिक संकटात कारखाने बंद पडू लागले तेव्हा कामगारांना काढले असे म्हणण्याऐवजी त्यांना 'दिरुमाहकान' केले असे म्हणत. 'रुमाह' म्हणजे घर. शब्दशः: घरी बसवले. हा शब्द वाचला तेव्हा क्षणभर मला वाटले, गिरणगावातल्याच कोणी तो घडवला असावा. २०२० च्या महामारीत तो तिकडे पुन्हा घरोघर पोहोचला.

२१ मे १९९८ रोजी सुहार्तोंनी सत्ता सोडली. भाषणात त्यांनी स्वतःसाठी वापरलेला शब्द होता 'बेरहेंती', थांबणे. त्याच शब्दाला पुढे 'दि' आणि मागे 'कान' लावले असते तर झाले असते 'दिबेरहेंतीकान', थांबवले गेले, म्हणजेच बडतर्फ. रस्त्यावरच्या विद्यार्थ्यांच्या मनात दुसरे रूप होते. पायउतार होण्याला जावानीजमध्ये 'लेंगसेर' म्हणतात. त्याला इंडोनेशियन अवयव जोडून 'दिलेंगसेरकान', खाली उतरवला गेला, असा शब्द त्या दिवसांत चलनी झाला.

नवे शब्द घडवण्याचे काम आजही चालू आहे आणि त्यातले सगळेच काही रुजत नाहीत. 'परिणामकारक' आणि 'कार्यक्षम' यांच्यासाठी 'मांगकुस' आणि 'सांगकिल' असे दोन जुने शब्द शोधून काढले गेले. लोक आपले 'एफेक्तिफ' आणि 'एफिसिएन'च म्हणत राहिले. आपल्याकडच्या परिभाषा कोशांत असे कितीतरी शब्द पांढऱ्या कपड्यांत पडून आहेत. उलट संगणकावरून काही उतरवून घेण्याला 'उंदुह' हा शब्द जावानीजमधून घेतला, तो टिकला. 'उंदुह' म्हणजे झाडावरची फळे उतरवणे. त्याचे क्रियापद 'मेंगुंदुह'. वर चढवण्याला 'उंगाह', 'मेंगुंगाह'. खेड्यातल्या आजीलाही झाडाचे चित्र डोळ्यांसमोर येते आणि नातवाला फोन चालवता येतो. भाषाशास्त्रज्ञ अंतोन मुल्योनो यांच्या नावावर सांगितला जाणारा 'स्वालायान' हाही असाच. 'लायान' म्हणजे वाढणे, सेवा करणे. त्याला आपला 'स्व' जोडून स्वतःच घ्या-वेचा अशा दुकानाला शब्द झाला. परवा-परवा स्वतःच स्वतःचा फोटो काढण्याला 'स्वाफोतो' आला. संस्कृत 'स्व' आणि युरोपियन फोटो सुखाने नांदत आहेत.

आपले 'वान' आणि 'वती' हेही तिकडे अजून कामावर आहेत. पत्रकार म्हणजे 'वार्तावान', पत्रकार बाई 'वार्तावाती'. दानशूर माणूस 'देरमावान', धर्मवान. शास्त्रज्ञ 'इल्मूवान': अरबी इल्म आणि संस्कृत वान. आणि सर्वांत देखणा शब्द मला वाटतो तो 'किनेर्जा'. 'केर्जा' म्हणजे काम, आपले 'कार्य'. जावानीजमध्ये शब्दाच्या मध्येच, पहिल्या व्यंजनानंतर, 'इन' घालायची जुनी रीत आहे. आधी नाही, नंतर नाही, पोटात. क-इन-ेर्जा. अर्थ: कामगिरी. कार्यालयांच्या वार्षिक अहवालांत हा शब्द पानोपानी असतो. कार्याच्या पोटात शिरलेला हा मध्यप्रत्यय पाहून पाणिनीने काय केले असते, कोणास ठाऊक. बहुधा एक सूत्र वाढवले असते. शुद्धिवाद्यांनी 'अरबी-संस्कृत भेसळ' म्हणून नाके मुरडावीत असे यात बरेच आहे. पण 'गैरसमज', 'बेजबाबदार' हे शब्द रोज वापरणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यात पडू नये.

नोव्हेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने आपल्या सर्वसाधारण परिषदेच्या अधिकृत भाषांत इंडोनेशियनचा समावेश केला. बंदरातल्या घासाघिशीची भाषा पॅरिसला पोहोचली. जकार्ताच्या तरुण मुलांना मात्र या 'मे'चे आणि 'पेर'चे ओझे नको असते. ती 'कोपी'ला, म्हणजे कॉफीला, नुसता अनुनासिक चिकटवून 'ङोपी' म्हणतात: चल, कॉफी मारू. शाळेतले शिक्षक कपाळाला हात लावतात. त्या मुलांनीही पुकुलचे मेमुकुल करणाऱ्या नियमानेच क गिळून टाकला आहे, हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

परतीच्या दिवशी संध्याकाळी सामान घेऊन रस्त्यावर आलो आणि आभाळ फाटले. टॅक्सी मिळेपर्यंत नखशिखांत भिजलो. वयस्क चालकाने काच खाली करून माझ्याकडे पाहिले, मागचा दरवाजा उघडला आणि आरशात बघत एवढेच विचारले, "केहुजानान, पाक?" तो 'पाक' म्हणजे 'बापाक', बापासारख्या माणसाला लावायचा शब्द. मी मान हलवली आणि पाटीवर शिकलेला शब्द त्याला सांगितला, "केबेरांगकातान."

त्याने मीटर टाकला.